बोस्युएचा ‘मतांतरांचा इतिहास’ : एक परीक्षण

इ. स. १६८८ मध्यें पॅरिस येथें दोन चौपेजी खंडांत प्रसिद्ध झालेला झाक बेनीन्य बोस्युए याचा ‘प्रॉटेस्टंट पंथांच्या मतांतरांचा इतिहास’ हा ग्रंथ धर्मवादाच्या वाङ्मयांत गणला जातो, आणि वाचकही त्याच दृष्टीनें तो उघडतात किंवा मिटून ठेवतात. आम्हीं तो निराळ्या दृष्टीनें वाचला. जुन्या कागदांचा खरेखोटेपणा पाहणें, नकला ताडणें व पाठभेद नोंदणें हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांस या ग्रंथांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे व सावध होण्यासारखेंही तितकेंच आहे, असें आमच्या प्रत्ययास आलें. पाठ बदलला कां, आणि तो बदलला एवढ्यावरून काय सिद्ध होतें, हा आमच्या रोजच्या कामांतला प्रश्न बोस्युएनें दीडशें वर्षांच्या संबंध धर्मेतिहासास लावला आहे. ग्रंथांतील धर्मसिद्धांत खरे कीं खोटे याचा निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं व उद्देशही नाहीं. पुरावा कसा गोळा केला, कसा मांडला, आणि त्यावरून काढलेलें अनुमान त्या पुराव्यास पेलतें कीं नाहीं, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

(१) ग्रंथकार व ग्रंथ

बोस्युए याचा जन्म २७ सप्टेंबर १६२७ रोजीं दीझों येथें झाला. १६५२ मध्यें त्यास कॅथॉलिक पंथाची पुरोहितदीक्षा मिळाली. १६७० पासून फ्रान्सच्या युवराजाचा शिक्षक व १६८१ पासून मो येथील बिशप, असा त्याचा चढता क्रम आहे. वक्ता म्हणून त्याची कीर्ति इतकी झाली कीं तिच्या प्रकाशांत त्याच्यांतील संशोधक झांकून गेला. १६७१ मध्यें त्यानें कॅथॉलिक मताचें एक लहानसें विवरण छापून प्रसिद्ध केलें. त्यांत प्रतिपक्षाचा गैरसमज दूर करण्याचा सौम्य प्रयत्न आहे. त्यानंतर सतरा वर्षांनीं आलेल्या या इतिहासाचा सूर निराळा आहे. येथें तो आपल्या मताचें विवरण करीत नाहीं. प्रतिपक्षाचें दप्तर उघडून त्यांतील कागद एकमेकांसमोर उभे करतो.

ग्रंथाचे एकंदर पंधरा भाग आहेत. ल्यूथरच्या आरंभापासून सुरुवात करून प्रभुभोजनाविषयीं ल्यूथर व त्स्विंग्ली यांचा तंटा, आउग्सबुर्गचें श्रद्धापत्र, इंग्लंडांतील आठव्या हेन्रीचें प्रकरण, कॅल्व्हिनचें मत, फ्रान्समधील सुधारकांच्या सभा असे एकेक टप्पे घेत तो १६१८-१९ मधील डोर्ट येथील धर्मसभेपर्यंत व तिच्याही थोडा पुढें येतो. शेवटच्या भागांत ‘चर्च म्हणजे काय’ या कलमाविषयीं प्रॉटेस्टंटांचीं मतें कशीं कशीं पालटलीं तें दाखवून ग्रंथ संपविला आहे. मधला अकरावा भाग कालानुक्रम सोडून मागें बाराव्या शतकांत जातो. त्याचें कारण पुढें येईल.

सर्व ग्रंथाचें सूत्र एकच आहे. सत्य एकदां दिलें गेलें. तें जसें दिलें तसेंच राहतें. जें पुन्हां पुन्हां बदलतें तें मनुष्यकृत होय. यास्तव एखाद्या पंथाचीं श्रद्धापत्रें कालक्रमानें मांडून त्यांतील फरक दाखविला कीं त्या पंथाचें खंडन आपोआप झालें. निराळा शास्त्रार्थ करण्याचें कारण उरत नाहीं. इतिहासाकडून न्यायशास्त्राचें काम करवून घेण्याची ही युक्ति आहे, आणि ती मांडण्यांत बोस्युएची बरोबरी करील असा ग्रंथकार त्या शतकांत विरळा.

(२) प्रमाणांचा नियम

या ग्रंथाचा पहिला गुण असा कीं, लेखकानें पुराव्याचा नियम आरंभींच जाहीर केला व बव्हंशीं पाळला. सुधारकांविषयीं जें काय सांगावयाचें तें शक्य तेथवर त्यांच्याच ग्रंथांवरून, त्यांच्याच पत्रांवरून, त्यांच्याच सभांच्या कागदांवरून सांगावयाचें. शत्रूनें लिहिलेली बखर प्रमाण धरावयाची नाहीं. इंग्लंडच्या प्रकरणीं तर त्यानें गिल्बर्ट बर्नेट या प्रॉटेस्टंट इतिहासकाराचाच ग्रंथ हातीं घेतला आणि त्यांतील हकीगतींवरूनच आठव्या हेन्रीच्या धर्मक्रांतीची मीमांसा केली. प्रतिपक्षाच्या साक्षीदाराकडूनच कबुली घ्यावी, म्हणजे साक्षीदार पढविलेला आहे असा आक्षेप उरत नाहीं, हें त्यानें नीट ओळखलें होतें.

या नियमाचें एक उदाहरण देतों. हेसचा राजा फिलिप याची पहिली पत्नी जिवंत असतांना त्यास दुसरा विवाह करावयाचा होता. डिसेंबर १५३९ मध्यें ल्यूथर, मेलांक्थोन, बुत्सर वगैरे पंडितांनीं त्यास गुप्तपणें संमतिपत्र दिलें व मार्च १५४० मध्यें तो विवाह झाला. विवाहाचा बभ्रा लवकरच झाला. परंतु हे मूळ कागद दीर्घकाळ लोकांपुढें आले नाहींत. ते १६७९ मध्यें छापले गेले, आणि छापविणारा कोणी कॅथॉलिक नव्हे. पॅलॅटिनेटचा प्रॉटेस्टंट राजा कार्ल लुडविग यानें स्वतः असाच दुसरा विवाह केला होता. त्याच्या समर्थनार्थ त्याच्या पदरच्या लोरेंट्स बेगर नांवाच्या पंडितानें टोपणनांवानें ग्रंथ लिहून त्यांत ते घातले. बोस्युएनें ते उचलले व आपल्या सहाव्या भागाच्या शेवटीं समग्र दिले. कागद दडविणारा एक, स्वार्थासाठीं बाहेर काढणारा दुसरा आणि त्याचा उपयोग करणारा तिसरा, असा हा प्रवास आमच्याकडील दप्तरांच्या अभ्यासकांस अपरिचित वाटूं नये. कागद अस्सल आहेत, व पुढील प्रॉटेस्टंट इतिहासकारांनींही ते नाकारले नाहींत. तथापि राजाच्या दडपणाखालीं दिलेली गुप्त सवलत ही पंथाच्या जाहीर मताचा पालट कशी होते, हें बोस्युएनें दाखविलेलें नाहीं. तेथें मतांतराचा इतिहास सोडून तो व्यक्तींच्या शीलाकडे वळला आहे. पुरावा पक्का, पण विषयास लागू थोडा, असें आमचें मत आहे.

(३) आउग्सबुर्गचें श्रद्धापत्र

ग्रंथांतील सर्वांत मोलाचा विषय म्हणजे आउग्सबुर्गच्या श्रद्धापत्राचे पाठ. २५ जून १५३० रोजीं हें पत्र बादशहा पांचवा चार्ल्स याच्यापुढें जर्मन भाषेंत वाचून दाखविण्यांत आलें आणि जर्मन व लॅटिन अशा दोन प्रती त्याच्या स्वाधीन करण्यांत आल्या. त्या दोन्ही मूळ प्रती आज उपलब्ध नाहींत. मेलांक्थोननें १५३१ मध्यें पत्र छापविलें व पुढील आवृत्तींतून तो त्यांत फेरफार करीत गेला. १५४० च्या लॅटिन आवृत्तींत प्रभुभोजनाविषयींच्या दहाव्या कलमाचे शब्द त्यानें असे बदलले कीं, भाकरींत व द्राक्षरसांत ख्रिस्ताचें शरीर व रक्त प्रत्यक्ष असतें हा ल्यूथरचा आग्रह पातळ झाला, आणि निराळें मानणाऱ्यांचा निषेध त्यांतून गळाला. कॅल्व्हिनसही या रूपांतील पत्र मान्य करतां आलें. १५६१ मध्यें नाउमबुर्ग येथें जमलेल्या प्रॉटेस्टंट राजांपुढें मुख्य प्रश्न हा पडला कीं, सह्या करावयाच्या त्या कोणत्या आवृत्तीवर! १५८० मध्यें ल्यूथरपंथीयांनीं आपला प्रमाणग्रंथ सिद्ध केला तेव्हां ‘अपरिवर्तित’ पत्रासच मान्यता दिली. परंतु त्या जर्मन पाठासाठीं माइन्झ येथील दप्तरांतली जी प्रत मूळ समजून घेतली, ती मूळ नव्हती असें पुढें अठराव्या शतकांत निष्पन्न झालें.

बोस्युएनें या दहाव्या कलमाचीं चार निरनिराळीं रूपें काढून शेजारीं शेजारीं मांडलीं आहेत. हें काम पाहून कोणत्याही पोथीशोधकास आनंद व्हावा. बादशहापुढें ठेवलेला जाहीर लेख, ज्यावर राजांच्या सह्या, तो एका पंडितानें आपल्या मतीनें पुन्हां पुन्हां बदलावा आणि शीर्षक मात्र तेंच ठेवावें, ही गोष्ट त्यानें निर्विवाद सिद्ध केली. सनदेवर एकदां शिक्का झाल्यावर तींतील शब्द बदलण्याचा अधिकार मूळ मसुदा लिहिणारालाही नाहीं, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे.

परंतु अनुमानाचा प्रश्न राहतोच. पाठ बदलण्याचीं कारणें अनेक असतात. नक्कलकाराचा हस्तदोष एक, ग्रंथकारानें केलेलें पुनःसंस्करण दुसरें, आणि मत फिरल्यामुळें केलेला पालट तिसरा. यांखेरीज येथें चौथें कारण आहे, व तेंच खरें दिसतें. १५२९ च्या ऑक्टोबरांत मारबुर्ग येथें ल्यूथर व त्स्विंग्ली यांची भेट झाली तेव्हां पंधरा कलमांपैकीं चौदांवर एकमत झालें व पंधराव्यांतील प्रभुभोजनाच्या एका मुद्द्यावर मोडलें. तो मोडलेला सांधा जुळावा, दोन्ही पक्षांस एकाच लेखावर सही करतां यावी, म्हणून मेलांक्थोन शब्द सैल करीत होता. म्हणजे बोस्युए ज्यास फुटीचें चिन्ह म्हणून दाखवितो, तें पुष्कळ अंशीं ऐक्याच्या इच्छेचें चिन्ह आहे. पाठभेद खरा आहे; त्याचा अर्थ मात्र बोस्युएनें एकच गृहीत धरला, आणि दुसरा संभवतो काय हें तपासलें नाहीं.

(४) वंशावळीचा प्रश्न

अकराव्या भागांत बोस्युए मागें वळतो. ‘तुमचा पंथ ल्यूथरच्या पूर्वीं कोठें होता?’ असें कॅथॉलिकांनीं विचारलें कीं प्रॉटेस्टंट पक्ष बाराव्या-तेराव्या शतकांतील आल्बिजेन्सी व वाल्देन्सी या पंथांकडे बोट दाखवी. आपली परंपरा प्रेषितांच्या काळापासून गुप्तपणें चालत आली, व हे पंथ तिचे दुवे, असें तें म्हणणें. आमच्याकडे जहागिरीचा तंटा उपस्थित झाला कीं घराण्याची वंशावळ एकाएकीं चारपांच पिढ्या मागें वाढते. त्याच जातीचा हा प्रकार होय.

बोस्युएनें ही वंशावळ तोडली, आणि तोडतांना जो विवेक दाखविला तो प्रशंसनीय आहे. आल्बिजेन्सी हे दोन तत्त्वें मानणारे, मानी याच्या मताशीं नातें सांगणारे. वाल्देन्सी तसे नव्हेत, ते लिऑन येथील वाल्दो याच्यापासून निघालेले व आरंभीं सिद्धांतांत कॅथॉलिकांपासून फारसे दूर नसलेले. दोघांस एकत्र गोवणें चूक, आणि दोघांपैकीं कोणासही सोळाव्या शतकांतील सुधारकांचे पूर्वज ठरविणें त्याहून मोठी चूक, असें त्याचें प्रतिपादन. आल्बिजेन्सींच्या उगमाविषयीं आजचे अभ्यासक पुष्कळ वाद घालतात; परंतु हे दोन पंथ भिन्न होते हा भेद कायम राहिला आहे.

या संबंधांत एक गोष्ट बोस्युएनंतर पावणेदोनशें वर्षांनीं घडली, ती हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. वाल्देन्सी पंथाच्या एका जुन्या काव्यांत ग्रंथकालाचा उल्लेख असून त्यावरून तें बाराव्या शतकाच्या आरंभींचें, अर्थात् वाल्दोच्याही पूर्वींचें, असें मानीत. सॅम्युएल मॉरलंड यानें इंग्लंडांत आणलेलीं त्या पंथाचीं हस्तलिखितें केंब्रिज येथें ठेवलेलीं होतीं; पण तीं हरवलीं असाच समज होता. १८६२ मध्यें तेथील हेन्री ब्रॅडशॉ यास तीं सांपडलीं. काव्याची पोथी बारकाईनें पाहतां शतकाच्या संख्येआधीं ४ हा आंकडा खोडलेला त्यास दिसला. म्हणजे ज्या अकराशें वर्षांवर सर्व डोलारा उभा होता तीं वास्तविक चौदाशें होतीं. एका आंकड्याच्या खोडीनें पंथास तीनशें वर्षांचें वडीलपण मिळालें होतें. खोडणाराचा हात कोणाचा हा प्रश्न निराळा. पण बोस्युएनें केवळ ग्रंथांतरींच्या साक्षीवरून जें म्हटलें त्यास पोथीच्या पानानें दुजोरा दिला.

(५) जें तुळलें नाहीं तें

आतां दोषांकडे वळूं. ‘जें बदलतें तें असत्य’ हें माप बोस्युएनें दुसऱ्यास लावलें. आपल्या घरास लावलें नाहीं. प्येर झुर्यू या निर्वासित प्रॉटेस्टंट पंडितानें हॉलंडांतून प्रत्युत्तर केलें कीं, प्राचीन चर्चचीं मतें तरी कोठें स्थिर होतीं? नायसिया येथील ३२५ च्या धर्मसभेपूर्वींच्या आचार्यांची त्रैक्याविषयींची भाषा अपुरी व अनिश्चित होती. गंमत अशी कीं, यासाठीं त्यास मोठा आधार मिळाला तो देनी पेतो या जेझुइट पाद्र्याच्या ग्रंथाचा. बोस्युएनें १६८९ पासून सूचनापत्रें लिहून झुर्यूस कडक उत्तरें दिलीं. उलट, त्याच प्राचीन आचार्यांचा कैवार जॉर्ज बुल या इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट पंडितानें घेतला होता. म्हणून १७०० मध्यें फ्रेंच धर्मगुरूंच्या सभेच्या वतीनें बोस्युएनें त्याचे आभार मानले. जेझुइटाचा आधार प्रॉटेस्टंटास आणि प्रॉटेस्टंटाचा आधार कॅथॉलिकास, अशी ही अदलाबदल झाली! पंथाच्या भिंती आणि पुराव्याच्या वाटा एका रेषेंत चालत नाहींत, याचें इतकें सरळ उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

लाइब्निट्स याचा आक्षेप अधिक मार्मिक आहे. पंथांचा समेट व्हावा म्हणून १६९१ पासून त्यानें बोस्युएशीं पत्रव्यवहार केला. मध्यें खंड पडून तो १७०२ पर्यंत चालला. त्याचें म्हणणें असें कीं, ट्रेंटच्या धर्मसभेनें एप्रिल १५४६ मध्यें जुन्या करारांतील ज्या ग्रंथांस पूर्ण प्रामाण्य दिलें, त्यांपैकीं कांहींस जेरोमसारख्या प्राचीन पंडितानेंच तें दिलेलें नव्हतें. मग ही नवी गोष्ट नव्हे काय? बोस्युएनें आफ्रिकेंतील जुन्या धर्मसभांचे आधार देऊन उत्तर केलें. दोघेही विद्वान, दोघांचीही भाषा सभ्य; पण समेट झाला नाहीं.

याहूनही बोलकी गोष्ट खुद्द बोस्युएची आहे. १६८२ मध्यें फ्रेंच धर्मगुरूंच्या सभेनें चार कलमें जाहीर केलीं, त्यांचा मसुदा त्याचा. चौथ्या कलमाचा आशय असा कीं, चर्चची संमति मिळाल्याखेरीज पोपचा निर्णय अपरिवर्तनीय होत नाहीं. १८ जुलै १८७० रोजीं व्हॅटिकनच्या धर्मसभेनें ठरविलें कीं, पोपचे तशा प्रकारचे निर्णय स्वतःच अपरिवर्तनीय असतात, चर्चच्या संमतीमुळें नव्हे. शब्दाशब्दास ठेवलेलें हें उत्तर आहे. ज्या चर्चच्या अचलत्वावर बोस्युएनें पंधरा भाग उभारले, त्या चर्चनें त्याचें स्वतःचें मत टाकून दिलें. त्याच्याच मापानें मोजलें तर मो येथील बिशपाचें नांवही मतांतरांच्या इतिहासांत घालावें लागेल.

(६) रिशार सिमों याचा ग्रंथ

येथवरचे दोष युक्तिवादाचे आहेत. आतां सांगावयाची गोष्ट युक्तिवादाची नव्हे, आणि ती सांगितल्यावांचून हें परीक्षण प्रामाणिक होणार नाहीं.

रिशार सिमों हा दिएप येथें १६३८ मध्यें जन्मलेला, ओरेटरी मंडळांतील कॅथॉलिक पाद्री. हिब्रू व पूर्वेकडील इतर भाषांत निष्णात. मंडळाच्या पॅरिस येथील ग्रंथालयांतील पौर्वात्य हस्तलिखितें त्यानें चाळलीं होतीं. १६७८ मध्यें त्याचा ‘जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास’ छापून तयार झाला. त्यांत त्यानें दाखविलें कीं, मूळ प्रती नाहींशा झालेल्या आहेत. आज आहेत त्या नकलांच्या नकला. हिब्रू स्वरचिन्हें मागाहून घातलेलीं. मोशेच्या नांवावरील सर्वच मजकूर मोशेचा असूं शकत नाहीं. त्याचा पक्ष कॅथॉलिकच होता. केवळ ग्रंथावर भिस्त ठेवणाऱ्या प्रॉटेस्टंटांस तो सांगत होता कीं, ग्रंथाची स्थिति अशी असतां परंपरेच्या आधारावांचून तुमचें भागणार नाहीं. पंथभेदाकडे पाहण्याची ही दुसऱ्या एका कॅथॉलिक पाद्र्याची दृष्टि. बोस्युए पाठ बदललेला पाहून आरोप ठेवतो. सिमों पाठ बदललेला पाहून, हस्तांतरानें आलेल्या वस्तूची प्रकृतिच अशी, म्हणून त्याची कारणें लावीत बसतो.

पुस्तकास परवानगी मिळालेली होती. राजास अर्पण करण्याची संमति येण्याचीच काय ती वाट होती. इतक्यांत ईस्टरपूर्वींच्या पवित्र गुरुवारीं त्याची अनुक्रमणिका व प्रस्तावना बोस्युएच्या हातीं पडली. मोशेसंबंधींच्या प्रकरणाचा मथळा वाचतांच तो मुख्य अमात्य ल तेल्ये याजकडे गेला. विक्री थांबली, तेराशें प्रती जप्त होऊन नष्ट करण्यांत आल्या, आणि सिमोंस मंडळांतून काढण्यांत आलें. थोड्या प्रती निसटल्या. एका हस्तलिखित नकलेवरून १६८० मध्यें ॲमस्टरडॅम येथें सदोष आवृत्ति निघाली. नीट आवृत्ति १६८५ मध्यें रॉटरडॅम येथें आली. ज्या ग्रंथाचा विषयच नकलांतील दोष, त्याचें स्वतःचें नशीब असें कीं तोही काहीं काळ सदोष नकलेवरूनच जगला.

हाच ल तेल्ये ऑक्टोबर १६८५ मध्यें नांतची आज्ञा रद्द करणाऱ्या फर्मानावर सही करून त्याच महिन्यांत वारला. त्या फर्मानानें फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचीं मंदिरें पाडावयाचीं ठरलीं व धर्मांतर न करणाऱ्या त्यांच्या उपदेशकांस पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला. सामान्य जनांस देश सोडण्याची मनाई असतांही सुमारें दीड ते दोन लाख लोक निघून गेले. जानेवारी १६८६ मध्यें ल तेल्येच्या श्राद्धप्रसंगींच्या भाषणांत बोस्युएनें या कृत्याचा मुक्तकंठानें गौरव केला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं ‘मतांतरांचा इतिहास’ बाहेर पडला. प्रतिपक्षाचे कागद प्रमाण धरणारा हा ग्रंथ निघाला तेव्हां प्रतिपक्षास फ्रान्समध्यें छापखाना उरला नव्हता. झुर्यूचीं उत्तरें रॉटरडॅमहून येत, झाक बानाज याचें १६९० चें सविस्तर उत्तरही हॉलंडांतूनच आलें. साक्षीदारास हद्दपार करून त्याची जबानी वाचून दाखवावी, तसें हें झालें. जबानी अस्सल आहे यांत संशय नाहीं; पण उलटतपासणीची सोय कोठें राहिली?

या दोन कृत्यांचा आम्ही ग्रंथाशीं संबंध जोडतों तो बोस्युएच्या शीलाची निंदा करण्यासाठीं नव्हे. त्याच्या सूत्राचाच तो परिपाक आहे. जो पाठभेद म्हणजे अपराध असें मानतो, त्यास पाठभेद नोंदणारा अपराध्याचा साथीदार वाटणारच. सिमोंविरुद्ध परंपरेच्या समर्थनार्थ बोस्युएनें पुढें मोठा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. तेराशें प्रती जाळण्याऐवजीं तो ग्रंथ त्याच वेळीं लिहून झाला असता, तर फ्रान्समधील बायबल-चिकित्सेचा व कदाचित् पंथांमधील संवादाचाही इतिहास निराळा झाला असता.

(७) ग्रंथाचें पुढील भवितव्य

ग्रंथाचा प्रभाव मोठा होता. एडवर्ड गिबन ऑक्सफर्ड येथें विद्यार्थी असतां १७५३ मध्यें कॅथॉलिक झाला, त्याचें श्रेय त्यानें स्वतः बोस्युएच्या विवरणास व या इतिहासास दिलें आहे. पुढल्याच वर्षीं तो परतला ही गोष्ट वेगळी. परंतु कॅथॉलिक पंडितांनींच हळूहळू बोस्युएचें सूत्र सोडलें. जॉन हेन्री न्यूमन यानें १८४५ मध्यें सिद्धांतांच्या विकासावर निबंध लिहून, बदल झाला हें मान्य केलें व खरा विकास आणि विकृति यांतील भेद ओळखण्याच्या खुणा शोधल्या. फ्रान्समधील डॉमिनिकन पाद्री ईव्ह कोंगार यानें १९३७ मध्यें दुभंगलेल्या ख्रिस्ती जनांवर ग्रंथ लिहिला. त्यांत प्रतिपक्षाच्या चुका मोजण्यापेक्षां, फूट पडतांना प्रत्येकाजवळ कोणतें सत्य राहिलें याचा विचार अधिक आहे. १९४३ मध्यें पोपच्या पत्रानें बायबलच्या पाठचिकित्सेस उत्तेजन दिलें. १९६४ मधील व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेच्या ऐक्यविषयक निर्णयांत, फुटीचा दोष दोन्ही बाजूंकडे होता असें म्हटलें आहे. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, ज्या आउग्सबुर्गच्या पत्रावर बोस्युएनें एवढी शाई खर्ची घातली, त्याच आउग्सबुर्ग शहरीं कॅथॉलिक व ल्यूथरपंथी प्रतिनिधींनीं पापमुक्तीच्या सिद्धांतावर संयुक्त निवेदन करून सह्या केल्या. सर्व वाद मिटले असें नव्हे. प्रभुभोजन एकत्र घेण्याचा प्रश्न अद्याप उभाच आहे.

आमच्या अभ्यासकांनीं या ग्रंथापासून काय घ्यावें? पुराव्याचा नियम घ्यावा. चार पाठ शेजारीं मांडण्याची शिस्त घ्यावी. वंशावळीकडे पाहण्याची सावध नजर घ्यावी. सूत्र मात्र घेऊं नये. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, ते पाठभेद म्हणजे ज्ञानेश्वरांचा दोष अशा बुद्धीनें नव्हे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें असतां त्या छापील प्रतींपैकीं एकही आज हातीं नाहीं. तें वांचलें तें भाविकांच्या हस्तलिखितांत, आणि त्या हस्तलिखितांत रोमन व देवनागरी अशा लिपी भिन्न, तसे पाठही भिन्न आहेत. ते भेद आहेत म्हणूनच मूळाकडे जाण्याची वाट आहे. भेद नको म्हणून जो एकच प्रत ठेवतो व बाकीच्या जाळतो, त्याच्याजवळ शेवटीं तपासून पाहण्यासारखें कांहींच उरत नाहीं.

‘मतांतरांचा इतिहास’ आजही वाचनीय आहे. त्याची भाषा भारदस्त, मांडणी स्वच्छ, आणि कागदांवरील हुकमत अपूर्व आहे. ज्यांस तो वाचावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य वाचावा. परंतु सिमोंचा रॉटरडॅम आवृत्तीचा ग्रंथ त्याच्या शेजारीं ठेवून वाचावा, एवढीच आमची सूचना आहे.